हलव म्हटलं की

१

राधाकिसनला जाफराबादेत ओळखणारे पुष्कळ होते, पण त्याच्या जीपला ओळखणारे त्याहून जास्त. टेंभुर्णी, जाफराबाद, भोकरदन अशा फेऱ्या तिने उभं आयुष्य मारल्या. आत माणसं किती बसली हे मोजायचं नसतं, असा राधाकिसनचा नियम होता आणि टपावर बसलेल्यांचं त्याबद्दल काही म्हणणं नसे. त्याच्या बापाने जन्मभर मेंढरं राखली. पोराने जीप घेतली तेव्हा मेंढरं निदान आपल्या पायाने चालतात, असं बाप शेवटपर्यंत ऐकवत राहिला.

आता धंदा बंद होता. गावाच्या शेवटच्या गल्लीत, टेंभुर्णीच्या रस्त्याला लागून, त्याचं दोन खोल्यांचं घर होतं, घराला लागून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये जीप. राधाकिसन रोज सकाळी तिची काच पुसून ठेवी, जणू पहिली फेरी निघायचीच आहे. विकून का टाकत नाही, असं कुणी विचारलं तर त्याला नेमकं ऐकू येत नसे.

बायको, कौसल्या, ज्येष्ठात गेली. ताप आला आणि ती गेली, इतकं ते झटपट झालं. तेव्हापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. टीव्ही लावला की तो एकटाच बोलत बसतो, म्हणून राधाकिसनने टीव्हीसुद्धा बंद करून टाकला. मुलगी रेणू नाशिकला दिलेली. ती रोज संध्याकाळी फोन करी, जेवण झालं का विचारी, आणि काय जेवलो हे सांगताना राधाकिसनला बरंच डोकं चालवावं लागे.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी रेणूने सांगून टाकलं. तिच्या पोरीला नाताळची सुट्टी होती. ती पोरीला घेऊन शनिवारी रेल्वेने जालन्याला उतरणार, थोडे दिवस राहणार, आणि जाताना अण्णांना घेऊन जाणार. कायमचं. घराला कुलूप, जीप भंगारात.

नाशिकला जायचं म्हणजे तिसऱ्या मजल्यावर दार लावून बसायचं, आणि कौसल्या जिथे उठली-बसली ते सगळं इथे टाकून जायचं. राधाकिसन म्हणाला की मी स्वतः जीप घेऊन तुला स्टेशनवर घ्यायला येतो, मग ठरव बाप एकटा राहू शकतो की नाही. आईच्या दिवसांना रेणू त्या जीपमध्ये बसली होती आणि गाडी रस्त्यावरून कशी झुलत गेली ते तिला आठवत होतं.

"आणा मंग," ती म्हणाली. "पर स्टेरिंग बराबर झालं असंल तरच, अण्णा. पोर राहील माझ्या मांडीवर."

२

रोग काय आहे हे राधाकिसनला पाठ होतं. स्टेरिंगला प्ले आला होता. चक्र वीतभर फिरवलं तरी चाकांना त्याचा पत्ता नसे, आणि पत्ता लागला की ती एकदम मनावर घेत. चाकं वळवणाऱ्या लोखंडी दांड्यांच्या टोकांना सांधे असतात, माणसाच्या खुब्यासारखे. ते झिजले होते. त्यातला एखादा निसटला तर चालवणाऱ्याच्या हातात नुसतं चक्र उरतं आणि गाडी तिच्या मर्जीने जाते. भोकरदनच्या रस्त्यावर एका टेम्पोचं तसं झालेलं राधाकिसनने पाहिलं होतं. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नव्हता.

एसटी स्टँडजवळ अजमतभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. दोघांची ओळख जीप नवी होती तेव्हापासूनची. अजमतभाईंनी नवे सांधे काउंटरवर मांडले, ग्रीसचा डबा ठेवला आणि विचारलं की वर कोण बसणार.

प्रश्न बरोबर होता. हे काम एकट्याचं नव्हे. एकाने गाडीखाली झोपून सांध्यावर बोटं ठेवायची, दुसऱ्याने वर बसून चक्र इकडून तिकडे हलवायचं. कुठला सांधा जागच्या जागी उडतो ते बोटांना कळतं. राधाकिसनच्या घरी वर बसायची ती कौसल्या. गाडी चालवायला ती कधी शिकली नाही, पण हाक आली की चुलीवरचं उतरवून, हात पदराला पुसत यायची, उंची कमी म्हणून बुडाखाली गोधडीची घडी घ्यायची आणि दोन्ही हातांनी चक्र धरायची. खालून तो म्हणे, हलव. ती हलवी. तो म्हणे, बस. ती थांबे. इतक्या वर्षांत 'बस' म्हटल्यावर तिचा हात कधी केसभरही पुढे गेला नाही.

बायकोचं नाव घ्यायची रीत त्यांच्यात नव्हती. तिनेही त्याचं लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. चारचौघांत तो तिला रेणूची माय म्हणे, आणि जीपखालून तर तेवढंही लागत नसे. घरात दुसरं होतं कोण?

शेजारचं कुणीतरी येईल, असं राधाकिसनने अजमतभाईंना ठोकून दिलं. अजमतभाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"कापूस येचायचे दिस हायेत, राधाकिसनभाऊ. गल्लीत मांजर बी न्हाई गावायचं तुमाला. जुम्याची नमाज झाली का मी येतो. तवर अकेले खाली घुसू नका."

राधाकिसनने हो म्हणून मान हलवली. पण शुक्रवारपर्यंत थांबून शनिवारी स्टेशन गाठायचं म्हणजे फारच घाई झाली असती. शिवाय आपल्याला कुणीतरी सांभाळायला लागतं, हेच तर त्याला खोटं पाडायचं होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी कापसाच्या शेतांवर जाणारा टेम्पो आला आणि गल्ली उपसून घेऊन गेला. दारांना कड्या लागल्या. राधाकिसनने जीपच्या चाकांना दगड लावले, खाली पोतं अंथरलं आणि समोरच्या बाजूने डोक्याने आत सरकला.

ही जागा त्याला घरच्या खाटेसारखी होती. पुढचा आस छातीच्या वर यायचा, पाय बंपरच्या बाहेर राहायचे, आणि डोकं बरोबर क्लच-ब्रेकच्या खाली. पेडलच्या दांड्या जिथून खाली उतरतात तिथल्या पत्र्याला दोन लांबट फटी होत्या आणि त्यांतून वरचा उजेड दिसायचा. कौसल्या बसली की तिच्या लुगड्याचा काठ दिसे. आज नुसता उजेड होता.

त्याने डावीकडच्या सांध्यावर बोटं ठेवली आणि तोंडातून सवयीने शब्द गेला.

"हलव."

त्याला स्वतःचीच लाज वाटली. आता बाहेर निघावं, एखाद्या दांड्याने चक्र बांधून काहीतरी जुगाड करावं, असं मनाशी म्हणत तो बोटं काढणार, तोच सांधा उडाला. टक. थोडं थांबून पलीकडे. टक. पुन्हा अलीकडे. घाई नाही, गडबड नाही, अगदी सावकाश, तपासायला हवा तसा.

राधाकिसनच्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल, तर हा सांधा गेला आहे, ही. ड्रायव्हरचं डोकं, ते आधी गाडीचं बघतं. मग त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. ओरडावं म्हटलं तर आवाज फुटेना. टक. टक. शेवटी त्याने कसंबसं "बस" म्हटलं.

थांबलं.

तो पायांनी ढकलत बाहेर आला आणि बॉनेटला धरून उभा राहिला. नुकत्याच पुसलेल्या काचेतून आतली सीट स्वच्छ दिसत होती. सीटवर कुणी नव्हतं.

४

राधाकिसन काही भोळसट माणूस नव्हता. पाणी पिऊन तो ओट्यावर बसला आणि त्याने हिशोबाने विचार केला. उभ्या गाडीचं चक्र कुणी फिरवून ठेवलं असलं, तर टायरचं रबर पिळलेलं राहतं आणि सुटताना दांडीला झटका देतं. हे खरं होतं. पण रबर एकदा सुटतं. ते पुन्हा पुन्हा इकडून तिकडे करत नाही. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला असेल, जमीन हादरली असेल. मग पत्राही वाजला असता. आपलेच हात थरथरत असतील, हे त्याला त्यातल्या त्यात पटलं. आणि 'बस' म्हटल्यावर थांबलं, त्याचं काय, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

त्याच वेळी उठून अजमतभाईंकडे जायला हवं होतं. तो गेला नाही. त्याला भीती वाटली होती हे खरं, पण घरातली ती शांतता रोज त्याला खायला उठत होती, आणि आज कितीतरी महिन्यांनी कुणीतरी त्याचं ऐकलं होतं. माणूस किती एकटा पडला आहे हे त्याला स्वतःला कळत नाही. अशा वेळी कळतं.

दुपारी तो पुन्हा खाली शिरला. सांध्यावर बोटं ठेवली.

"हलव," तो म्हणाला.

टक.

पोत्यावर पडल्यापडल्या त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानांत उतरलं. तू हायेस का, असं त्याने विचारलं. उत्तर आलं नाही, पण उत्तर द्यायची तिची कधी पद्धतच नव्हती. ती फक्त हलवायची. राधाकिसनला तेवढं पुरलं. मग तो बोलतच सुटला. रेणू येते आहे, पोर आता पुष्कळ बोलते, तूरडाळ नीट शिजत नाही, तू कुकरला काय करत होतीस, असं काहीबाही. मधूनच तो हलव म्हणे, आणि सांधा त्याच्या बोटांखाली उडे.

सगळे सांधे एका दिवसात बदलून झाले असते. राधाकिसनने रोज एकच बदलायला घेतला. जॅक लावायचा, लोखंडी घोड्यांवर गाडी टेकवायची, पिन काढायची, नट सोडायचा, हातोडीचे ठोके घालून जुना सांधा उतरवायचा आणि नवा बसवायचा. मग गाडी खाली घेऊन तपासणी. तपासणीला सर्वांत जास्त वेळ लागे. संध्याकाळी रेणूचा फोन आला तेव्हा काय जेवलो हे सांगायला त्याला काही रचावं लागलं नाही. त्याने खरोखरच पिठलं-भाकरी केली होती. आवाज बरा वाटतो अण्णा तुमचा, असं रेणू म्हणाली.

५

मग एकदा तो सकाळी चहाचं आधण ठेवत असताना शेडमधून आवाज आला. टक. थोड्या वेळाने टक.

त्याने हलव म्हटलं नव्हतं. तो तर गाडीजवळही नव्हता.

राधाकिसनला आधी हसूच आलं. "आलो, आलो," तो म्हणाला आणि त्याने गॅस बारीक केला. पण आवाज थांबेना. त्याने चहा गाळला, तरी टक. आंघोळीचं पाणी काढलं, तरी टक. दर वेळी तो आत जाई, काचेतून रिकामी सीट दिसे, चक्र स्थिर असे. पाठ फिरवली की पुन्हा. ऐकून ऐकून त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. कौसल्याने न बोलावता चक्राला कधी हात लावला नव्हता. तिला त्या गाडीची धास्तीच वाटायची. पण हा विचार त्याने बाजूला सारला. इतके महिने एकटं राहून तिलाही करमत नसेल, असं त्याने ठरवून टाकलं.

सांधे बदलत गेले तसा आवाज बारीक होत गेला. शेवटी एकच उरला, स्टेरिंगच्या डब्याजवळचा, सगळ्यात खराब. तोही बदलला की प्ले गेला. प्ले गेला की टक नाही, आणि तपासणीही नाही. नवा सांधा कोनाड्यात कागदात गुंडाळून पडला होता आणि राधाकिसन त्याच्याकडे न बघता ये-जा करत होता.

शुक्रवारी नमाज आटोपून अजमतभाई आले. त्यांनी चपला काढून, खाली वाकून दांड्या न्याहाळल्या, पुढचं चाक दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं. काम चांगलं झालं म्हणाले. मग डब्याजवळच्या सांध्याला अंगठा लावून त्यांनी मान हलवली.

"हाच तर खरा बदलायचा होता. हा सुटला का गाडी आपली राहत न्हाई. उद्या लेकराला बसवणार ना तुमी? चला, आत्ताच करून टाकू."

राधाकिसनने थाप मारली. नवा सांधा आट्यात बसत नाही, घासून बघतो, आज कंबर धरली आहे, असं काय काय सांगून त्याने त्यांना ओट्यावर आणलं आणि चहा ठेवला. दोघं कापसाच्या भावाबद्दल बोलत बसले होते. तेवढ्यात शेडमधून आवाज आला. टक.

अजमतभाई बोलता बोलता थांबले. "अंदर कोन हाय?"

"कोणी न्हाई. पत्रा तापला का वाजतो."

टक. टक. टक. लयीत.

अजमतभाईंनी एकदा शेडच्या दाराकडे पाहिलं, एकदा राधाकिसनच्या तोंडाकडे. राधाकिसनच्या तोंडावर जे होतं ते त्यांना आवडलं नसावं. त्यांनी चपला पायात सरकवल्या. "बच्ची येऊन राह्यलीय, भाऊ," ते हळूच म्हणाले. "तिचं बघा." भरलेला कप तसाच ओट्यावर ठेवून ते गेले.

६

शनिवारी रेल्वे संध्याकाळची होती. राधाकिसनने सकाळी दाढी केली, शेडमध्ये जाऊन जीपच्या दाराशी उभा राहिला आणि सीटकडे बघून बोलला.

"रेणू येऊन राह्यलीय. पोर बी हाय संगं. हे शेवटचं बदलून टाकतो आता. मंग हलवायचं काम राहत न्हाई."

सकाळपासून चाललेला आवाज थांबला. राधाकिसनला वाटलं, समजून घेतलं. नेहमीच घ्यायची.

त्याने कामाला हात घातला. हा सांधा जुना सोबती असल्यासारखा हटून बसला होता. हातोडी मारून मारून त्याचा दंड भरून आला. अखेर सुटला. नवा बसवला, नट आवळला, पिन घालून वाकवली, ग्रीस भरलं, गाडी घोड्यांवरून खाली घेतली. सूर्य डोक्यावर आला होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एकदाच तपासावं, मग हातपाय धुऊन निघावं, असं म्हणत तो पोत्यावर आडवा होऊन आत सरकला.

"हलव."

काहीच झालं नाही. वरच्या फटींत उजेड होता. तो वाट पाहत राहिला. गेली, त्याला वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि त्याच वेळी इतकं रडू आलं की त्याने ओठ दाताखाली धरला.

मग दांडी हलली. आवाज नाही. नवा सांधा घट्ट होता, बोटांना जरासुद्धा प्ले जाणवला नाही. डावीकडे, उजवीकडे. काम चोख झालं होतं. आता पोरीला खुशाल बसवावं.

"बस," राधाकिसन म्हणाला.

दांडी थांबली नाही.

तो पुन्हा बस म्हणाला. दांडी आणखी लांब गेली, आणखी लांब परत आली. चाकं मातीत करकरत वळू लागली. उभ्या गाडीचं चक्र असं फिरवायला पैलवान लागतो. कौसल्याला वीतभर हलवायला दोन्ही हातांचा जोर लावावा लागे. दांडी छातीवरून सरकत गेली आणि त्याची बोटं दांडी आणि स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये सापडली. कळ डोक्यापर्यंत गेली.

"कौसल्या," तो ओरडला. संसार झाला, लेक झाली, तिला अग्नी दिला, आणि नाव आज पहिल्यांदा तोंडातून निघालं. "कौसल्या, बस कर."

दांडी थबकली. कान देऊन ऐकावं तशी.

आणि फटीतला उजेड गेला. आधी एकीतला, मग दुसरीतला. वर जे बसलं होतं ते खाली वाकलं होतं. हा कुणाला हाक मारतोय, ते त्याला बघायचं असावं. अंधारलेल्या फटीत, राधाकिसनच्या तोंडापासून हातभरावर, ओलसर काहीतरी चमकलं आणि तसंच राहिलं. ते मिटलं नाही. आणि ते तिथे असतानाच छातीवरची दांडी पुन्हा हलायला लागली, सावकाश, डावीकडे, उजवीकडे. हात वर चक्रावरच होते. चक्रावरचे हात न काढता जित्या माणसाला इतकं खाली वाकता येत नाही.

बोटं सुटली तशी त्याने टाचा रोवल्या आणि स्वतःला बाहेर फेकलं. पाठ सोलून निघाली. तो थेट रस्त्यावर जाऊन उभा राहिला, आणि समोरून आलेल्या एसटीने जोरात हॉर्न वाजवेपर्यंत त्याला आपण कुठे उभे आहोत ते कळलं नाही.

७

रेणूला आणायला अजमतभाईंनी त्यांच्या ओळखीची गाडी दिली. स्टेशनबाहेर बापाच्या हाताला गुंडाळलेलं फडकं बघून रेणूने जीप कुठे आहे हे विचारलंच नाही. तिने त्याचा चांगला हात हातात घेतला आणि जाफराबाद येईपर्यंत सोडला नाही. येतो मी नाशिकला, असं राधाकिसन देऊळगाव राजाच्या चौकात म्हणाला. रेणूचा जीव भांड्यात पडला.

ती होती तितके दिवस घर भरलेलं होतं. पोर दोन्ही खोल्यांतून धावायची, आजोबांच्या पाठीवर चढायची. शेडचं दार राधाकिसनने तारेने बांधून टाकलं होतं. त्याने कान लावून पाहिलं. आतून काही आवाज येत नव्हता. येणारही कसा? सगळे सांधे नवे होते. आत चक्र फिरत असलं तरी आता बाहेर कळायची सोय उरली नव्हती.

निघायच्या दिवशी त्याने रेणूला सांगितलं की जीपला सोमवारी गिऱ्हाईक येणार आहे, ते उरकून, घर लावून मग येतो. रेणूने डोळे बारीक करून पाहिलं. पण पोर झोपेला आली होती, एसटी लागली होती, म्हणून तिने फार ताणलं नाही. "आठ दिसांत या, अण्णा," खिडकीतून ती म्हणाली. "तुमची खोली लावून ठेवलीय मी." तो हो म्हणाला. एसटी वळून दिसेनाशी होईपर्यंत तो हात वर करून उभा होता.

घरी आला तर गल्ली रिकामी. त्याने दार उघडलं. आत गेला, बाहेर आला. पोरीने ओट्यावर टाकलेलं बिस्कीट मुंग्या नेत होत्या, ते तो बराच वेळ बघत बसला. कौसल्या ज्येष्ठात गेली होती आणि ती परत आली नव्हती. एकदाही आली नव्हती. इतके दिवस आपण पोत्यावर पडून कुणाशी बोललो, रेणूच्या गोष्टी कुणाला सांगितल्या, कुणासमोर रडलो, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने नाव न घेता हाक मारली होती आणि कुणीतरी ओ दिली होती. कौसल्या गेली त्याचं दुःख त्याला झालं होतंच; पण आज ती पुन्हा गेली, आणि या खेपेला सांत्वनाला येणारंही कुणी नव्हतं. संध्याकाळ व्हायला खूप अवकाश होता. पुढच्या आठवड्याला त्याहून.

राधाकिसन उठला. शेडच्या दाराची तार सोडली. पाना आणि पक्कड घेतली, पोतं अंथरलं आणि डोक्याने आत सरकला. डब्याजवळच्या नव्या सांध्याची पिन त्याने सरळ करून ओढून काढली. नट सोडत आणला, अगदी शेवटच्या आट्यांवर. खालून हातोडीचा एक ठोका घातला. सांधा जागेवर खिळखिळा झाला. मग त्याने पाना बाजूला ठेवला आणि दुखऱ्या हाताची बोटं सांध्यावर टेकवली.

त्याला पळून जावंसं वाटत होतं, आणि पळून जायचं तर त्या रिकाम्या घराशिवाय आज दुसरी जागा नव्हती.

"कोणी बी अस," तो म्हणाला. "हलव."

वरच्या फटीतला उजेड झाकला गेला. मग बोटांखाली सांधा उडाला, अगदी सावकाश, तपासायला हवा तसा.